वाऱ्याने फाटलेला पडदा

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलेत तर ओळखणार नाही. पनवेलच्या खाडीकाठी, गुणाबाईच्या झोपडीपुढे चार बांबूंवर एक जाड, पिवळट कापड ताणलेले आहे. त्याला मधोमध उभी शिवण आहे. तो मी. माझ्या सावलीत ती सरपण आणि पाण्याचा हंडा ठेवते. पण एके काळी मी सिनेमाचा पडदा होतो, आणि त्याच्याही आधी शीड होतो.

मला काशिराम नावाच्या कोळ्याने शिवले. जाड सुती कापडाचे दोन पट्टे त्याने मेण लावलेल्या दोऱ्याने एकमेकांना जोडले आणि मला एका मचव्यावर चढवले. मचवा पनवेलच्या बंदरातून मीठ भरून मुंबईला जाई. शिडाचे काम सोपे असते. वारा आला की फुगायचे, आणि फार झाला की दोर सैल होताच त्याला जाऊ द्यायचे. दोर मात्र माणसालाच सैल करावा लागतो. तेवढ्यापुरते शीड माणसाच्या हातात असते.

मचवा मोडीत निघाला तेव्हा माझे कापड धड होते, पण शिवणीचा दोरा खाऱ्या हवेने जुना झाला होता. तुळशीराम शेठ तंबूतला सिनेमा चालवत. त्यांनी मला घेतले, धुतले, चुना लावून पांढरे केले आणि दोन वाशांमध्ये बांधले. लढाया, लग्ने, देवदेवता, सगळे माझ्यावर येऊन गेले. पडद्याची गंमत अशी, की सगळे त्याच्याकडे तोंड करून बसतात आणि त्याला कोणीच बघत नाही. चित्र माझ्यावर पडे, पण माझ्यात उरत नसे. दिवा विझला की मी पुन्हा कोरा.

आता त्या एका सिनेमाची गोष्ट सांगतो.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मुंबईची सिनेमावाली मंडळी इथल्या मिठागरांवर आली होती. त्यांची गोष्ट मीठ काढणाऱ्यांचीच होती. गर्दी दाखवायला त्यांनी खऱ्याच बायका घेतल्या. त्यांत गुणाबाईची पोर शकू होती. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालत जायचे, एवढेच तिचे काम. चित्र घेणाऱ्या यंत्राकडे अजिबात बघायचे नाही, असे बजावले होते. शकूने नेमके मान वळवून पाहिले आणि हसली. सिनेमावाले साहेब तिच्यावर चिडले, हे गुणाबाईने स्वतः पाहिले होते.

पुढच्याच वर्षी शकू तापाने गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. आणि तो सिनेमा डब्यात पडून राहिला. का पडून राहिला, यावरही मुंबईच्या दोन वर्तमानपत्रांचे जमत नव्हते. एक लिही, सरकारनेच अडवला. दुसरे लिही, निर्मात्याची लबाडी आहे, अडवले कोणी नाही. पहिले सिनेमाच्या बाजूचे, दुसरे विरुद्ध. दोघांचे वाचक आपापल्या पत्रावर खूश होते.

काही वर्षांनी सिनेमा डब्यातून निघाला. आपल्याकडचे चित्र आपल्याकडे दाखवायचेच म्हणून तुळशीराम शेठनी तो पनवेलला आणला. ज्या दिवशी डबे आले त्या दुपारीच गुणाबाई तंबूच्या दाराशी उभी राहिली.

"शेट, माजी पोर हाय त्याच्यात," ती म्हणाली. "यंत्राकडं बगितलं म्हून कापली तं नसल ना?"

शेठना ते माहीत नव्हते. त्यांनी तिला संध्याकाळी यायला सांगितले आणि पुढची जागा देऊ म्हणाले. मिठाच्या चकाकीने तिचे डोळे अधू झाले होते. लांबून तिला दिसले नसते.

ती गेली नाही. बाहेर सावलीला बसून राहिली. आत गणूने, म्हणजे यंत्र चालवणाऱ्याने, दारे बंद करून हाताला लागले ते एक रीळ चढवले. त्याला फक्त दिवा तपासायचा होता. माझ्यावर फिकट उजेड पडला. मिठाचे ढीग आले, बांध आला, पाट्या घेतलेल्या बायकांची रांग आली. रांगेतल्या एका मुलीने मान वळवली आणि ती हसली. गणू यंत्रात वाकून दिव्याची ठिणगी बघत होता. तंबूत दुसरे कोणी नव्हते. कनातीपलीकडे, दहा पावलांवर, तिची आई बसली होती.

तिला कापले नव्हते. हे त्या क्षणी फक्त मला ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते.

संध्याकाळी तंबू भरला. गुणाबाई अगदी पुढे, जमिनीवर, माझ्या पायाशी. चैत्रातला खाडीवरचा वारा सुटला होता आणि मी जुन्या सवयीने फुगत होतो. नायकाचे नाक लांब होई, आखूड होई. मागून कोणीतरी ओरडले, "अरे, त्याला नीट हुबा कर कोनीतरी, बंदरावरून पिऊन आलाय!" तंबू हसला. शेठना ते लागले. त्यांनी दोर ताणून आवळायला सांगितले. शिडाचा दोर अशा वेळी सैल करतात, पण मी आता पडदा होतो. माझ्यात वारा कोंडला. मध्यंतरानंतर एक जोराची झुळूक आली आणि मी शिवणीवरून वरपासून खालपर्यंत उसवलो.

आरडाओरडा झाला, शिट्ट्या झाल्या, दोन बाकडी उलथली. लोक तिकिटाचे पैसे मागत बाहेर पडले. गुणाबाई हलली नाही.

"चालू करा ना, शेट," ती म्हणाली. "फाटक्यावर पन दिसल ती."

शेठ म्हणाले, "मावशी, उद्या शिवून घेतो, परवा बघा. परवा तुमच्यासाठी पहिलं तेच रीळ लावायला सांगतो."

दुसऱ्या दिवशी काशिरामने मला नव्या दोऱ्याने शिवले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून वर्तमानपत्रे आली. शेठच्या पत्नी दमयंतीबाईंनी ती दोन्ही माझ्या घडीवर शेजारी शेजारी पसरली आणि ओळ ओळ ताडून वाचली. विरोधातल्या पत्रात लिहिले होते, मिठागरवाल्यांचा अपमान सहन न होऊन संतप्त जनतेने दगड मारून पडदा फाडला. बाजूच्या पत्रात लिहिले होते, भाडोत्री गुंडांनी काठ्यांनी पडदा फाडला, जनता मात्र चित्रपटाच्या पाठीशी ठाम उभी राहिली.

दमयंतीबाई म्हणाल्या, "एकात दगड आहेत, एकात काठ्या. वारा कुठेच नाही."

मित्रांनो, दगडाने कापड फाटले तर भोक पडते आणि धागे मागच्या बाजूला जातात. माझा एकही धागा तुटला नव्हता. फक्त शिवण उसवली होती. मला उलगडले असते तर कोणालाही कळले असते.

खरे काय ते दाखवायला शेठ मला गाडीत घालून खेळाचा परवाना देणाऱ्या साहेबांकडे गेले. मी त्यांच्या टेबलापुढे घडी होऊन पडलो होतो. साहेबांनी दोन्ही पत्रे वाचली होती. ते आवाज न चढवता म्हणाले, "तुळशीराम शेठ, ही दोन पत्रं कधी एक बोलत नाहीत. पण पडदा लोकांनी फाडला, हे दोघांनीही लिहिलंय. मग ते खोटं कसं?"

शेठनी माझ्या घडीला हात घातला. साहेबांनी पुढचा कागद ओढला. मी उलगडलोच नाही.

खेळ बंद झाला. डबे त्याच दिवशी मोटारीने मुंबईला परत गेले. पनवेलचे कारण पुढे करून इतर गावांनीही सिनेमा नाकारला आणि तो पुन्हा डब्यात गेला, तो कायमचा. दोन्ही पत्रे आणखी काही दिवस माझ्यावरून भांडली आणि मग दुसऱ्या विषयाकडे वळली. पुढे बसलेल्या बाईबद्दल एकानेही ओळ लिहिली नाही.

त्या संध्याकाळी गुणाबाई ठरल्याप्रमाणे आली. शेठना तिच्याकडे बघवेना. पुढे तंबू मोडला तेव्हा तिने मलाच मागून घेतले.

माझी तुम्हांला एकच विनंती आहे. दोन बातम्या भांडताना आपण सावध असतो. त्या जुळतात तिथे आपण डोळे मिटतो. तुम्ही मिटू नका. फाटलेली वस्तू समोर असेल तर आधी ती उलगडून बघा, आणि तिथे कोण बसले होते ते विचारा.

काम आटोपले की गुणाबाई माझ्याखाली टेकते. शेजारची जनी कधी आली तर तिला वर बोट करून सांगते, "याच्यावर दिसनार होती माजी शकू. कापली असल तिला, कोन जानं."

वारा येतो, मी फुगतो. आता दोर सैल बांधलेले आहेत. कापली नव्हती, गुणाबाई. हसली होती.