अकरांच्या बाहेर

"...आणि अनंता बरोबर येईल," लालासाहेब म्हणाला, आणि वसतिगृहासमोरच्या लिंबाखाली बसलेली मुलं कपडे झटकत उठली.

हे शेवटचं वाक्य अनंता सोवनी तिसरं वर्ष ऐकत होता. सांगलीच्या त्या कॉलेजात फुटबॉलच्या सामन्याआधी कॅप्टनने या लिंबाखाली नावं सांगायची रीत होती. लालासाहेब माने तसा न्यायी कॅप्टन. पुढच्या फळीत जागा पाच आणि मुलं आठ, तेव्हा तो आळीपाळीनं घ्यायचा. मिरजेला जो बाहेर बसला तो कऱ्हाडला हमखास आत असायचा. कुणाची कुरकूर नव्हती. पण गोलकीपरला ही वाटणी लागू नव्हती.

"गोलातला माणूस मी बदलत नाही," तो म्हणायचा. "मागं कोण उभं आहे ते पुढच्यांना न बघता कळलं पाहिजे."

मागं उभा असायचा मानसिंग पुदाले, पलूसचा, उसाच्या रानात वाढलेला, दाराच्या चौकटीएवढा. अनंता दुसरा गोलकीपर. आणि त्या काळी एकदा शिट्टी वाजली की गडी बदलता येत नसे. त्यामुळे अनंता सामन्याला जायचा, मैदानाच्या कडेला अकरा जणांचे कोट मांडीवर घेऊन बसायचा आणि परत यायचा. सरावाला मात्र रोज हवा. दोन गोल म्हणजे दोन गोलकीपर.

एकदा तो सोडून निघाला होता. लालासाहेब म्हणाला, "तू गेलास तर पलीकडच्या गोलात कोण?" मानसिंग तर त्याचा खोलीतला सोबती. त्यानं दंडच धरला. "गड्या, तू हाईस म्हून माझा हात चालतोय. सोडू नगंस." अनंता राहिला. सोडावं तर एवढं एकच त्याला मनापासून आवडायचं, आणि राहावं तर ते वाट्याला येत नव्हतं.

त्यात एक भर त्याची स्वतःचीच होती. वाईला घरी त्यानं कधी सांगितलंच नव्हतं की आपण खेळत नाही. "टीममध्ये आहे," एवढं म्हणाला होता, आणि ते खोटं नव्हतं. चव्वेचाळीस सालच्या हिवाळ्यात अंतिम सामना साताऱ्यात ठरला, तेव्हा वडिलांचा, तात्यांचा, निरोप आला: वाईहून सातारा लांब नाही, बघायला येतो.

सामन्याच्या दुपारी सगळे एका शाळेच्या ओसरीवर कपडे बदलत होते. मागं अजिंक्यतारा उन्हात तापला होता. मैदानाच्या दोराला लोक येऊन टेकायला लागले होते, आणि त्यांत तात्यांची काळी टोपी अनंतानं लांबूनच ओळखली. तो पाण्याची बादली घ्यायच्या मिषानं शाळेच्या मागच्या बाजूला गेला.

तिथं फाटकाशी एक पागोटेवाला म्हातारा उभा होता. धुळीनं पाय गुडघ्यापर्यंत पांढरे.

"आवं, सांगलीच्या कालेजाची पोरं हितंच हाईत न्हवं? आमचा मानसिंग हाय का?"

"आहे. आपण कोण?"

"मी त्येचा चुलता. कृष्णात." म्हातारा थांबला. "अर्जुना गेला. त्येचा थोरला भाव. पल्टनीत व्हता, इटलीला. काल तार आली. मास्तरनं वाचून दावली."

अनंतानं हातातली बादली खाली ठेवली. अर्जुनाला त्यानं एकदाच पाहिलं होतं, खोलीवर, खाकी कपड्यांत. जाताना त्यानं दोघांच्या हातावर गुडदाणी ठेवली होती.

"वैनीला अजून सांगितलं न्हाई," कृष्णात म्हणाला. "धाकल्याला घरी आनू, मग सांगू, असं ठरलं भावकीत. सांगलीला गेलो तर म्हनले, सातारला गेली पोरं. तसाच आलो. सांजच्या गाडीनं निघाया पायजे, न्हाईतर उद्यावर जातंय."

पाणी आणायला एवढा उशीर का म्हणून लालासाहेब तिथं आला. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हाताऱ्याचा हात धरून त्याला कट्ट्यावर बसवलं.

"काका, खेळ संपला की मी स्वतः सांगतो त्याला. मोटार करून देतो, कुठूनही. आत्ता सांगून झालेलं परत येणार आहे का?"

"तुमी शिकल्याली मानसं," कृष्णात म्हणाला. "तुमी म्हनाल तसं." आणि पागोटं काढून त्यानं मांडीवर ठेवलं.

लालासाहेबानं अनंताला बाजूला घेतलं. "तू काही बोलायचं नाहीस. दुसरा कुणी बोलला तर एक वेळ चालेल. तू नाही. तू सांगितलंस तर लोक काय म्हणतील, कळतंय ना?"

अनंताला कळत होतं. मानसिंग गेला की गोलात तोच. आणि दोराशी तात्या.

तो ओसरीवर आला. मानसिंग पायात बूट चढवून, नाडी तोंडात धरून बसला होता.

"ये रं. हे मनगाट बांध जरा. तू बांधतोस तसं कुनाला जमत न्हाई."

अनंता पट्टी बांधू लागला. पट्टीचे वेढे नीट बसेनात. त्याच्या डोळ्यांपुढं त्यानं कधी न पाहिलेलं घर येत होतं. मानसिंगची आई, अंबूबाई, अंगणात जोंधळे पाखडत असतील. गल्लीतल्या बायका येऊन बसत असतील, विषय काढत असतील, आणि मुद्द्याचं काही न बोलता उठून जात असतील. सगळ्या गावाला माहीत, आणि तिला नाही. आणि इथं याला नाही.

"आज पट्टी का चुकतीया तुझी? खेळायचं मला हाय," मानसिंग हसला. "फुडल्या साली दादा रजेवर आला की त्याला आनतो बग मॅच बघाया. त्यो म्हनतोय, गोलात नुसतं हुबं ऱ्हायाचं तर बुजगावनं का उभं करत न्हाई?"

अनंताचा हात थांबला.

"मानसिंग, तुझे चुलते आलेत. मागं कट्ट्यावर बसलेत."

"कृष्णातबापू? हितं? कशापायी?"

अनंतानं सांगितलं. दोनच वाक्यांत सांगितलं. आणि सांगताना, अगदी त्याच क्षणी, त्याची नजर मानसिंगच्या अंगातल्या हिरव्या लोकरी जर्सीवर गेली. ती त्यानं लगेच काढून घेतली. पण गेली होती.

मानसिंगनं मनगटावरची अर्धवट पट्टी सोडून काढली. मग म्हणाला, "आयला ठाव हाय?"

"नाही."

त्यानं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, सावकाश, गाठ पडू न देता. जर्सी डोक्यावरून काढली आणि बाकावर ठेवली. अनंताच्या हातात दिली नाही. सदरा खांद्यावर टाकून तो अनवाणीच मागं गेला. थोड्या वेळानं फाटकातून दोघं जाताना दिसले. म्हातारा पुढं, आणि तो थोराड गडी लहान मुलासारखा त्याच्या मागं.

लालासाहेब ओसरीच्या पायरीशी उभा होता. तो अनंताजवळ आला.

"मिळालं ना?" एवढंच म्हणाला.

"मी उभा राहत नाही," अनंता म्हणाला. "दुसऱ्या कुणाला घाल."

"कुणाला घालू? आहे कोण? उभं राहायचं म्हणून सांगितलंस, आता उभा राहा."

बाकीचे नऊ जण ऐकत होते. कुणी मध्ये पडलं नाही. खेळलो तर लालासाहेब म्हणतो ते खरं, आणि नाही खेळलो तर सगळ्यांची वर्षभराची मेहनत माझ्यापायी पाण्यात. अनंतानं जर्सी उचलली. आत अजून मानसिंगच्या अंगाची ऊब होती.

सामना चुरशीचा झाला. साताऱ्याची मुलं तिखट होती. पहिला चेंडू उजव्या कोपऱ्याकडे आला तेव्हा विचार करायच्या आत अनंताचं अंग झेपावलं. छातीशी चेंडू धरून तो मातीत पडला, लोक ओरडले, आणि तेवढा श्वासभर तो सुखी झाला. इतका सुखी तो आयुष्यात फार थोड्या वेळा झाला असेल. मग त्याला अंबूबाईंची आठवण झाली आणि त्या सुखाची त्याला शिसारी आली. पण पुढचा चेंडू येतच होता, आणि हात जातच होते.

सांगली एका गोलानं जिंकली. मुलं लालासाहेबाला उचलून नाचली. अनंता खांबाशी उभा राहिला. त्याच्याकडे कुणी आलं नाही, तात्या सोडून. धोतर सावरत, दोर ओलांडून ते गोलापर्यंत चालत आले.

"मला वाटलं होतं त्याहून पुष्कळच चांगला उभा राहतोस की रे," ते म्हणाले. "दर खेपेला असाच असतोस?"

"हो," अनंता म्हणाला.

तेरावा झाल्यावर तो पलूसला गेला. लालासाहेब आधी एकटा जाऊन आला होता. अनंताला बरोबर चल असं कुणी म्हटलं नव्हतं.

मानसिंग गोठ्यापुढं बसला होता. डोकं भादरलेलं, त्यामुळे कान मोठे दिसत होते. कॉलेजात परत येणार नव्हता. रानाकडे बघायला दुसरं कोण होतं?

"एक-शून्य न्हवं?" त्यानं विचारलं. "लालासाहेब बोलला."

"हो."

"उजव्या अंगाला आला असंल बॉल. त्यांचा त्यो उंच गडी तिकडनंच मारतोय."

"तिकडूनच आला."

बैल शेपटीनं माशा वारत होते. शेवटी अनंताला राहवलं नाही.

"मानसिंग, मी तुला सांगितलं ते..."

"सांगितलंस. बरुबर केलंस. त्या राती मी हितं पोचलो म्हून आयला सावरली." तो हातातली काडी मोडत होता. "पर कवा कवा वाटतंय, खेळ हुस्तवर थांबला असतास तर काय बिघडत व्हतं? तेवढा येळ दादा जिता ऱ्हायला असता की माझ्यापुरता."

तू का सांगितलंस, असं मानसिंगनं तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही. अनंता मात्र पुढं कित्येक वर्षं स्वतःला विचारत राहिला.

अंबूबाई गुळाच्या चहाची कपबशी घेऊन बाहेर आल्या. कपाळ मोकळंच होतं. नवरा जाऊन वर्षं झाली होती. पाहुण्याशी काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "तुमीबी चेंडू खेळतासा व्हय, बाबा?"

अनंतानं कपबशी घेतली. त्याला 'हो' म्हणवेना, 'नाही' म्हणवेना.

"खेळतोय की, आय," मानसिंग म्हणाला. खोरं खांद्यावर टाकून तो उठला होता. मोट सुरू झाली होती आणि उसात पाणी वळवायला त्याला जायचं होतं. "त्यो गोली हाय कालेजाचा."

"व्हय का?" अंबूबाई म्हणाल्या, आणि ऐकल्याची खूण म्हणून मान हलवली.

मानसिंग बांधावरून उसाच्या दिशेनं चालू लागला. अंबूबाई उंबऱ्यापाशी टेकल्या आणि म्हणाल्या, "प्या बाबा, निवंल." अनंता खाली मान घालून, एकेक घोट घेत, सगळा चहा प्यायला.