अलगदराव

अपघात झाला की विमानातल्या नोंदपेटीचा फोटो वर्तमानपत्रात येतो, त्यामुळे ती पेटी सगळ्यांना माहीत आहे. पण अपघात न झालेल्या विमानांचंही सगळं नोंदलं जातं, रोज, प्रत्येक फेरीचं, आणि ते कुणीतरी बसून बघतं, हे कुणाच्या गावीही नसतं. ते कुणीतरी म्हणजे मी. वैमानिकाने दांडा किती ओढला, इंजिनाचा जोर कधी काढला, चाकं कुठे टेकली आणि किती दणक्यात टेकली, हे माझ्या पडद्यावर रंगीत रेघा होऊन येतं. चूक व्हायच्या आत तिची चाहूल लागावी म्हणून हा सगळा खटाटोप. थोडक्यात, न घडलेल्या गोष्टींकडे दिवसभर डोळे लावून बसायचं. पगार बरा आहे.

आमच्या खोलीला खिडकी नाही. धावपट्टी भिंतीपलीकडेच आहे, पण दिसत नाही. एखादं विमान उठलं की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं, तेवढाच आमचा आणि विमानांचा संबंध.

कामाचा एक नियम फार कडक आहे. रेघ कुणाची, हे आम्हाला कळू द्यायचं नाही. वैमानिकाचं नाव, तारीख, फेरीचा क्रमांक, सगळं पुसून आमच्याकडे येतं. उरतो फक्त महिना आणि विमानतळ. नाहीतर वैमानिक म्हणणार, हे लोक आमच्यावर पाळत ठेवतात, आणि चुका झाकायला लागणार. नावं कुलपात असतात आणि किल्ली एकाच माणसाकडे, एका ज्येष्ठ कॅप्टनकडे. फारच गंभीर काही दिसलं तर ते कुलूप उघडतात, त्या वैमानिकाला एकट्याला बोलावतात, चहा पाजतात आणि विचारतात, "काय झालं होतं रे त्या दिवशी?" ऑफिसात त्यांना कुलूपकाका म्हणतात. तोंडावर अर्थातच सर.

माझा नवरा याच कंपनीत वैमानिक होता. पुढे सिम्युलेटरवर नव्या पोरांना शिकवायला लागला आणि सगळ्या कंपनीचा मास्तर झाला. मीही त्याला मास्तरच म्हणायचे, चिडवायला. तो माझ्या कामाला नाकं मुरडायचा. "तुमच्या रेघांना हाताचं काय कळतंय?" म्हणायचा. मी म्हणायचे, "हात खोटं बोलतो, रेघ बोलत नाही." यावर आमची जेवणं थंड व्हायची.

मास्तर गेला तेव्हा मी आधी रडले आणि मग, कुणाला न सांगता, त्याच्या रेघा शोधायचा विचार केला. कसल्या सापडतात! जुना डेटा दोन वर्षांनी पुसला जातो आणि तो उडायचा थांबून त्याहून जास्त काळ लोटला होता. एवढी नोंद ठेवणारं आमचं खातं, पण माझ्या माणसाची एक रेघ म्हणून शिल्लक नव्हती. घरी त्याचा चष्मा होता, बूट होते, दाराच्या कडीला त्याने घातलेलं तेल अजून होतं. पण चष्मा आणि बूट घालून वावरणारा नव्हता.

एकटं राहायची सवय होते म्हणतात. मला झाली नाही. सवय झाली ती एकटीने बोलायची. दुधाला बोलायचं, "उतू जाशील तर बघ." नणंद दर रविवारी फोन करते. "वहिनी, जेवलात का? वहिनी, माझ्याकडे येऊन राहा ना." बिचारी मनापासून म्हणते. पण तिच्या भरल्या घरात मला जास्तच एकटं वाटतं, हे तिला कसं सांगायचं? मी म्हणते, सध्या कामाची घाई आहे.

आणि मग अलगदराव भेटला.

विमान उतरताना जमीन तीसेक फुटांवर आली की वैमानिक नाक किंचित वर घेतो, इंजिनाचा जोर काढून टाकतो आणि चाकं टेकतात. सरळ हिशेब. पण हा गडी जोर पूर्ण काढायचाच नाही, शेवटपर्यंत धाग्याएवढा राखून ठेवायचा. आणि टेकायच्या अगदी आधी त्याचा हात क्षणभर थांबायचा. मग एक केसभर ओढ, आणि विमान जमिनीवर. दणक्याची रेघ जागची हलायचीसुद्धा नाही. झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तसं काम. ठरलेल्या जागेच्या जरा पुढे टेकायचा, पण मर्यादेच्या आत. म्हणून यंत्र त्याला पिवळी खूण करून सोडून द्यायचं.

मी त्याचं नाव अलगदराव ठेवलं. महिन्यातून दहा-बारा वेळा तो यायचा, कधी या विमानतळावर, कधी त्या. मी बोलायचे त्याच्याशी. "काय अलगदराव, आज वारा आडवा दिसतोय." चहा घेताना त्याची एखादी जुनी रेघ उघडून बसायचे. हसू नका. ज्याच्या घरी संध्याकाळी दार उघडायला कुणी असतं, त्याला यातलं काही कळायचं नाही. मला दिवसभरात एका माणसाचा हात ओळखीचा वाटत होता, आणि तेवढ्यावर माझा दिवस निघत होता.

पावसाळी महिन्यात त्याची एक रेघ लाल होऊन आली. छोटं विमानतळ, आखूड धावपट्टी, तीही ओली. तोच राखलेला जोर, तोच थांबलेला हात, तेच सुरेख टेकणं. पण तोवर पायाखालून धावपट्टी निघून गेली होती. विमान थांबलं ते शेवटच्या दिव्यांपाशी. आतल्या माणसांना पत्ताही लागला नसणार. उलट कुणीतरी म्हणालंही असेल, काय छान उतरवलं!

मी रेघांचे कागद छापून कुलूपकाकांकडे गेले.

"एकच माणूस आहे, सर," मी म्हटलं. "मी याला बरेच दिवस बघतेय. हात फार चांगला आहे, फक्त सवय वाईट आहे. तुम्ही बोलावून समजवा. ओरडू नका."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही कधीपासून वैमानिकांची वकिली करायला लागलात?"

"याचीच करतेय."

"सगळ्या जुन्या रेघा द्या. बघतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं, जे ते कधी करत नाहीत.

"हा एक माणूस नाही," ते म्हणाले. "नऊ आहेत."

"नऊ कसे असतील? मी हात ओळखते, सर."

"त्यांतल्या दोन तर मुली आहेत."

माझा अलगदराव नऊ तुकडे होऊन टेबलावर पडला. मला खरंच राग आला, आपल्याला कुणी फसवल्यासारखा. "मग सगळ्यांचा हात सारखा कसा?" मी विचारलं. "एकमेकांचं बघून शिकले काय?"

ते पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "नावं सांगता येत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. पण त्यांना शिकवलं कुणी, ते काही कुलपात नाही. नऊही जणांना एकाच माणसाने शिकवलंय." आणि इतक्या वर्षांत ऑफिसात पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही. "वहिनी, मास्तरने शिकवलंय."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. याची मेल्यावरही गेली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी मी त्याची रेघ शोधत फिरले होते आणि ती रोज माझ्याच पडद्यावर उतरत होती. मी तिथेच, कुलूपकाकांसमोर, हसले आणि रडले. त्यांनी ग्लास पुढे सरकवला. पाणी थरथरत होतं. कुठलं तरी विमान उठलं होतं.

"एकाची चूक असती तर एक फोन पुरला असता," ते थोड्या वेळाने म्हणाले. "ही शिकवणीतली चूक आहे. सगळ्यांचा सराव बदलावा लागेल. तसं टिपण तुमच्या खात्याकडून यावं लागेल. तुम्ही नका लिहू. दुसऱ्या कुणाला देतो."

"दुसरा काय लिहिणार?"

"किंवा असं करा. फक्त आखूड आणि ओल्या धावपट्टीपुरतं लिहा. बाकी ठिकाणी उतरू देत तसेच. मोठ्या धावपट्टीवर कुणाचं काय जातंय?"

भला माणूस. मला वाट काढून देत होता. आणि मी सांगते, मला ती वाट हवी होती. फार हवी होती. बाकीच्या ठिकाणी तो हात राहिला असता. महिन्यातून दहा-बारा वेळा तो मला भेटला असता. मी रविवारपर्यंत विचार केला, घरी पातेल्याला विचारलं, नणंदेच्या फोनवर तीनदा "काय म्हणालात?" असं विचारलं. ती घाबरून म्हणाली, "वहिनी, बरं नाही का?"

पण मास्तरबरोबर इतकी वर्षं भांडल्यावर त्याची काही वाक्यं डोक्यात घर करून बसलीत. घरी आलेल्या पोरांना तो सांगायचा, हाताला दोन सवयी लावायच्या नसतात, घाईच्या वेळी हात नेमकी नको ती उचलतो. मी ते चहा गाळताना ऐकलेलं. म्हणजे माझ्या बाजूने बोलायला तोही तयार नव्हता. मोठ्या धावपट्टीवर रोज थांबणारा हात पावसात, आखूड पट्टीवर थांबल्याशिवाय राहिला नसता. आणि पुढच्या खेपेला ते शेवटचे दिवेही पुरले नसते. शंभर-दीडशे माणसांची आयुष्यं माझ्या चहाच्या वेळेसाठी टांगणीला लावायची काय?

टिपण मीच लिहिलं. जोर वेळेत पूर्ण काढावा, टेकण्यापूर्वी थांबू नये, ही सवय सर्व ठिकाणी मोडावी. खाली सही केली. सही करताना वाटलं, आपण त्याला दुसऱ्यांदा पोचवून आलो.

कुणा नऊ जणांकडे बोट दाखवायचं नव्हतं, म्हणून नवा सराव सगळ्यांनाच ठेवला. तो आमच्या रेघांशी जुळतो की नाही हे बघायला पहिल्या दिवशी मला बोलावलं. सिम्युलेटर म्हणजे लोखंडी पायांवर डुलणारा बंद डबा. आत खरंखुरं कॉकपिट, काचेबाहेर खोटी धावपट्टी. मास्तरचा अर्धा जन्म त्या डब्यात गेला, पण मी कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. भांडायला घर पुरेसं होतं. मागे दोन खुर्च्या होत्या. एकीवर कुलूपकाका, दुसरीवर मी. पुढे नवा प्रशिक्षक आणि तिशीची एक वैमानिक मुलगी. कुलूपकाकांनी माझी ओळख "डेटावाल्या मॅडम" एवढीच करून दिली.

"वीस फुटांवर जोर बंद," प्रशिक्षक म्हणाला. "मग वाट बघायची नाही. टेकवून मोकळं व्हायचं."

ती उतरली. हात थांबला. चाकं लोण्यात सुरी जावी तशी टेकली, धावपट्टीच्या मध्यावर.

"लांबलं," तो म्हणाला.

"कळतंय हो सर, पण हात ऐकत नाही." ती हसली. "आमचे मास्तर होते ना, त्यांची शिकवण. ते म्हणायचे, मागे पाचव्या रांगेत माझी बायको बसलीये असं समजून उतरवा. ती उतरताना डोळे घट्ट मिटून घेते, घाबरते बिचारी. कुणाला कळू देत नाही. चाकं टेकलेली तिला कळता कामा नयेत."

"आणि कळायचं का तिला?"

"ते म्हणायचे, एकदाही नाही."

कुलूपकाका जमिनीकडे बघायला लागले.

मी मास्तरच्या विमानात मोजून तीनदा बसले असेन. तिन्ही वेळा डोळे मिटून, खुर्चीचे हात धरून, तोंडाने मात्र शेजारणीशी भाजीचे भाव बोलत. आपण घाबरतो हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याच्यासारख्या चिडवणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे जन्माचं कोलीत हातात देणं. कुणा हवाईसुंदरीने त्याला सांगितलं असणार, पण तो कधी काही बोलला नाही. मला वाटायचं, विमानं अशीच उतरतात. पाचव्या रांगेत नाही, मी त्या मुलीच्या मागे दोन हातांवर बसले होते, आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, मीच ती.

"पुन्हा," प्रशिक्षक म्हणाला.

या वेळी तिने जोर वेळेत काढला. धप्पकन दणका बसला. माझे हात आपोआप खुर्चीला घट्ट धरून बसले. विमान भरपूर धावपट्टी राखून थांबलं.

"शाब्बास!" म्हणत प्रशिक्षकाने माझ्याकडे वळून पाहिलं. "मॅडम, जमलं ना आता? तुमच्या रेघेत बसतंय?"

मी शेजारच्या रेघांच्या पडद्याकडे पाहिलं. जोर बंद होता. टेकायच्या अगदी आधी दांड्याची रेघ मात्र अजून एवढीशी अडखळली होती. माझ्याशिवाय जगात कुणाला ती दिसली नसती. त्या एवढ्याशा जागेत मास्तर मला जपत थांबला होता.

"नाही," मी म्हटलं. "तिचा हात अजून थांबतोय. पुन्हा करून घ्या."