सहा जणांचं सूप

मी एक जुना टोप आहे. जाड बुडाचा, दोन कानांचा, एका वेळी सहा जणांचं सूप शिजेल एवढा. मित्रांनो, कारखान्यातल्या दिवसांविषयी सांगण्यासारखं काही नाही. तिथे आम्ही सगळे सारखेच होतो. माझं आयुष्य सुरू झालं ते ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरल्या लॉन्सेस्टन गावात, विटांच्या एका बैठ्या घरात.

त्या घरात चार मुलं राहत. सगळी परक्या घरांत वाढलेली, एका घरातून दुसऱ्या घरात पाठवलेली. त्यांनी आपलं आपण जगायला शिकावं म्हणून एक संस्था ते घर चालवत असे. दिवसा ग्लेनिस असे, रात्री दुसरी एक बाई. ग्लेनिसची एक पद्धत होती. एखादं मूल स्वयंपाक करू लागलं, की ती टेबलाशी बसून दोन्ही हात जॅकेटच्या खिशांत घाली. मदतीचा मोह होऊ नये म्हणून. कांदा करपला, पाणी उतू गेलं, तरी हात बाहेर येत नसत. पण ती उठून जातही नसे.

मार्नी माझी सगळ्यांत लाडकी. सतरा वर्षांची, अबोल. पहिल्या वेळी तिने वाटाणे माझ्या तळाला असे लावले, की मला घासता घासता ती रडू लागली.

"रडतेस काय? टोप आहे तो, मेला नाहीये," ग्लेनिस म्हणाली.

हळूहळू तिचा हात बसला. सुके वाटाणे आणि डुकराचं मांसल हाड घालून ती असं सूप करी, की घरातला कोरी नावाचा मुलगा वाडगा चाटून ठेवी. एकदा तो म्हणाला, "अगं येडे, अधूनमधून जाळत जा जरा! इथे नीट जमलं की बाहेर काढतात. मला बघ, मला अजून अंडं फोडता येत नाही."

"तुला खरंच येत नाही," मार्नी म्हणाली. सगळे हसले.

पण कोरीचं बोलणं खरं होतं. संस्थेच्या बाई पाहणीला आल्या, तेव्हा मार्नीने त्यांना सूप वाढलं. "हिला आता कुणी लागत नाही," ग्लेनिस अभिमानाने म्हणाली. तिने कौतुकच केलं होतं. त्या कौतुकावर मार्नीला गावाच्या टोकाला एक लहानशी जागा मिळाली आणि तिची इथली खोली दुसऱ्या मुलीला. निघताना सगळ्यांनी मिळून मला तिच्या हातात ठेवलं.

नव्या जागी पहिल्याच दिवशी तिने मला काठोकाठ भरलं. एकटीपुरतं किती करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मग फोन केला. "ग्लेनिस, सूप केलंय. ये ना. कोरीलाही आण."

"पोरी, मला आता ठरलेल्या दिवशीच येता येतं गं. आणि कोरीला नाही आणता येत. नियम आहे."

पुढे ते ठरलेले दिवसही संपले.

एका संध्याकाळी वाडगा भरून तिने शेजारचं दार वाजवलं. "आमचं झालंय जेवण," आतून आवाज आला. दार उघडलं नाही. सूप निवेपर्यंत ती तिथे उभी होती. मग परत येऊन तिने ते माझ्यातच ओतलं.

त्यानंतर मी फळीवर गेलो. ती उभ्या उभ्या कोरडा पाव खाई, नाहीतर काहीच खात नसे. एकदा ती फोनवर म्हणाली, "मला परत येऊ दे ना. मी सोफ्यावर झोपेन." पलीकडून ग्लेनिस बराच वेळ बोलत राहिली. मार्नी नुसतं "हं. बरं. कळलं," म्हणत होती.

मग एका सकाळी ती पाठीला पिशवी लावून निघून गेली. तिने कुलूपही लावलं नाही.

घरमालकाच्या माणसांनी मला आणि तिच्या बाकीच्या सामानाला रस्त्याकडेला मांडलं. दोन बायका थांबल्या.

"अगं, हा बघ, चांगला जाडजूड आहे की! कुणी टाकला असेल?"

"असतात काही माणसं. कदर नसते."

त्यांतल्या एकीने मला घरी नेलं. आता भरल्या घरात माझ्यात सूप शिजतं. मार्नीला कुणी घरी नेलं का, हे कळायला मला मार्ग नाही.

मित्रांनो, भांडी जपून वापरा, असं मी सांगणार नाही. आम्ही पडून राहू शकतो. पण तुमच्या शेजारी कुणी एकटं राहायला आलं आणि वाडगा घेऊन दारात उभं राहिलं, तर दार उघडा. जेवण झालेलं असलं, तरी बसा.