माझी कशी आहे?

रोज सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की ताई आधी फोन लावायची आणि मग शिलाई मशीनवरचं झाकण काढायची. पलीकडून धाकट्या भावाने फोन उचलला की हॅलो नाही, कसा आहेस नाही, सरळ प्रश्न. "माझी कशी आहे?"

"तुझी मजेत," धाकटा सांगायचा. "आत्ताच तिला पोटभर पाणी पाजलं."

ही 'माझी' म्हणजे ताईची डावी किडनी. धाकट्याच्या स्वतःच्या दोन्ही किडन्यांनी संप पुकारला, तेव्हा ताईने आपली एक काढून दिली होती. फार आढेवेढे घेतले नाहीत. पडदे शिवणाऱ्या बाईला एकाच्या कापडात दोघांचं भागवायची सवय असते, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. फक्त पोटावरच्या टाक्यांवर तिचा राग होता. एवढा मोठा सर्जन, पण शिवण सरळ येत नाही म्हणजे काय?

धाकटा लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री. आयुष्यभर इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनघरात वाकून काम केलेलं. पण दुसऱ्याची किडनी अंगाने परकी म्हणून टाकून देऊ नये, यासाठी शरीराची राखण करणारी ताकद औषधांनी झोपवून ठेवावी लागते. ती झोपली की कुणीही आत शिरावं. म्हणून डॉक्टरांनी त्याला धुळीपासून, गर्दीपासून लांब राहायला बजावलं होतं. कंपनीने त्याला खाली ऑफिसात तक्रारींचे फोन घ्यायला बसवलं. वाघाला फुलं विकायला बसवल्यासारखा तो बसायचा.

ताईचं त्याच्यावर बारीक लक्ष. पायावर सूज आहे का, लघवी नीट होते का, ब्लडप्रेशर किती, गोळ्या वेळेवर घेतल्या का, सगळं ती डोळ्यांत तेल घालून बघायची. किडनी ठणठणीत तर भाऊ ठणठणीत, असा तिचा हिशेब. त्या हिशेबात धाकट्याचं डोकं कुठेच नव्हतं.

त्यामुळे डोकं धरलंय असं तो म्हणू लागला, तेव्हा ताईला धास्ती अशी वाटलीच नाही. दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खाल्ल्यावर कुणाचंही डोकं धरेल. तरी तिने त्याला चष्मेवाल्याकडे नेलं. चष्मेवाल्याने नंबर बदलून दिला. नव्या चष्म्यात धाकटा हेडमास्तर दिसायला लागला. डोकं मात्र जुनंच राहिलं, दुखतच राहिलं. अधूनमधून अंग कोमट व्हायचं. तो गोळी घ्यायचा आणि सकाळच्या फोनवर "तुझी मजेत" म्हणायचा. ते खोटंही नव्हतं. किडनीची खरंच काही तक्रार नव्हती.

मग एका दुपारी तो दुकानात आला आणि काउंटरला धरून उभा राहिला.

"ताई, तू दोन दिसतेयस गं," तो म्हणाला. "मला एकच झेपत नव्हती."

ताई हसली. हसता हसताच तिला दिसलं की तो काउंटरला टेकलेला नाही, काउंटरनेच त्याला उभं धरलंय. समोर एक बाई पडद्याचं माप द्यायला आली होती. तिला ताईने सांगितलं की खिडकी कुठे पळून जात नाही, उद्या या. शटर ओढलं आणि धाकट्याला घेऊन थेट हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या आणि चपळ होत्या. आधी त्यांनी डोक्याचा फोटो काढून घेतला. मग धाकट्याला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि पाठीच्या कण्यात बारीक सुई घालून पाणी काढलं. ते पाणी थेंबाथेंबाने यायला हवं होतं, ते जोरात आलं. संध्याकाळच्या आत तपासणी झाली. त्यांनी ताईला खाटेजवळ बसवून सांगितलं की मेंदूभोवतीच्या आवरणात बुरशी झाली आहे.

"पावावर धरते तशी?" ताईने विचारलं.

तिची लांबची चुलत बहीण म्हणा, असं बाई म्हणाल्या. ही मातीत असते, कबुतरांच्या विष्ठेत असते, श्वासातून आपल्या सगळ्यांच्या छातीत जाते. धडधाकट माणसाचं शरीर तिला दारातूनच हाकलतं. यांच्या शरीराचा पहारेकरी आपणच झोपवलाय, म्हणून ती छातीतून रक्तात आणि रक्तातून डोक्यापर्यंत पोचली. एकाची दुसऱ्याला लागत नाही, तेव्हा तुम्ही खुशाल जवळ बसा.

कबुतर म्हटल्यावर ताईने भावाकडे पाहिलं. भावाने छताकडे पाहिलं. थोड्या वेळाने छताकडेच बघत त्याने कबूल केलं, की तो मशीनघरात जात होता. नव्या मिस्त्र्यांना मोटरचा आवाज कळत नाही, ते नुसते पार्ट बदलत सुटतात, ते काही त्याला बघवेना. आणि गच्चीवरच्या मशीनघरात कबुतरं नाहीत असं तर कुठे नसतंच.

नेमकी तिथूनच लागली असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही, असं म्हणून बाई औषधाकडे वळल्या. औषध होतं, चांगलं होतं, सलाईनमधून द्यायचं होतं. मात्र ते किडनीवर जड जातं. शिवाय पहारेकऱ्याला थोडं जागं करायचं, तर झोपवणारी औषधं हळूहळू कमी करावी लागतील. रोज रक्त तपासू, भरपूर पाणी चढवू, किडनी वाचवायचा पुरेपूर प्रयत्न करू. वाचेलच असा शब्द देता येत नाही. आणि औषध घेतलं नाही, तर माणूस वाचणार नाही.

"मग नको," धाकटा म्हणाला.

गोळ्या द्या, तो म्हणाला. नुसत्या गोळ्यांनी आत्ता भागणार नाही, बाई म्हणाल्या. दुसरं काहीतरी द्या. दुसरं याहून चांगलं नाही. धाकट्याने डोळे मिटून घेतले. "किडनी माझी नाही, तिची आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू पणाला लावायचा मला काय अधिकार?"

बाईंनी ताईला बाहेर नेलं. होकार आजच हवा, आणि तो भावाचाच हवा, असं सांगून त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

ताई पॅसेजमध्ये उभी राहिली. आधी तिला भावाचा राग आला. गाढव, नुसतं गाढव. मग तिच्या कानात तिचाच आवाज वाजला, रोज सकाळचा. माझी कशी आहे? माझीला जप. माझीला त्रास देऊ नकोस. जिला ती थट्टा समजत होती, ती या गाढवाने रोज सकाळी खरी धरली होती. किडनी दिली तिने, आणि रोज फोन करून परत मागितल्यासारखी विचारलीही तिनेच.

तिने डोळे पुसले, पदर नीट केला आणि आत जाऊन स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसली.

"मी तुला सदरा शिवून दिला," ती म्हणाली, "आणि तुझ्या अंगावर तो पेटला, तर ताईने शिवलाय म्हणून काढणार नाहीस?"

"सदरा वेगळा."

"काही वेगळा नाही. ती माझी नाहीये रे. दिली तेव्हाच माझी संपली."

"मग रोज विचारतेस ते?"

ताई थोडा वेळ त्याच्या हातावरची चादर सरळ करत राहिली. "तू कसा आहेस असं विचारलं असतं, तर आपल्यातलं कुणीतरी रडलं असतं," ती म्हणाली. "मला दुकान उघडायचं असतं सकाळी."

धाकट्याने डोळे उघडले. त्याला आताही दोन ताया दिसत असाव्यात, कारण कुठल्या तोंडाकडे बघावं ते त्याला ठरवता येईना.

"आणि ती गेली तर?"

"तर पूर्वीसारखा डायलिसिसला जाशील. मी बाहेर बाकावर बसून लोकांचे पडदे टाचेन. पण तूच गेलास तर मी त्या किडनीचं काय करू? ती परत घेत नाहीत. विचारून आलेय मी."

"खरंच विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? एकदा कापलं की कापड परत घेत नाही कुणी."

धाकटा हसला. हसल्याने डोक्यात कळ गेली, त्या कळेने तोंड वाकडं झालं, तरी तो हसतच राहिला. "बोलाव बाईंना," तो म्हणाला.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. औषध चढायला लागलं की तो पांघरुणाखाली कुडकुडायचा. डोक्यातला दाब वाढला की बाई पुन्हा पाठीतून पाणी काढायच्या, आणि तेवढ्यापुरतं त्याचं डोकं हलकं व्हायचं. सुई बघून ताईने एकदा सल्ला द्यायला तोंड उघडलं होतं, पण बाईंचा हात बघितला आणि गप्प बसली. हात सरळ होता. सर्जनपेक्षा नक्कीच.

किडनीचे आकडे बिघडत गेले. पूर्वी ताईने लॅबवाल्याच्या मागे लागून आकडा काढून घेतला असता. आता ती सकाळी खाटेशी येऊन एवढंच विचारायची, "किती ताया दिसतात?" दोन, दीड, दीडच पण जरा बारीक, असं करत एका सकाळी त्याने सांगितलं, "एकच. आणि तीही चांगलीच जाड आहे."

पाठीच्या पाण्यात बुरशी उगवायची थांबली. किडनीने मार खाल्ला, पण पाय रोवून उभी राहिली. किडनीचे डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखी धावणार नाही, पण ओढेल. बुरशीच्या गोळ्या पुढे बरेच महिने घ्यायच्या होत्या. त्या घेऊन धाकटा घरी गेला.

ताईने शटर वर केलं आणि फोन लावला.

"तू कसा आहेस?"

मग धाकटा म्हणाला, "राँग नंबर," आणि फोन ठेवून दिला.

ती मशीनवरचं झाकण काढत होती तोवर फोन वाजला.

"बरा आहे गं मी," तो म्हणाला. "ती विचारत होती, ताई आता माझी चौकशी का करत नाही?"

"तिला म्हणावं, रांगेत उभी राहा. आणि मशीनघर?"

"खालूनच शिकवतो त्यांना. फोन मोटरजवळ धरायला लावतो."

"आणि कळतो आवाज?"

"मोटरचा कळतो," धाकटा म्हणाला. "कबुतरांचाही येतो. लांबून गोड वाटतात."

ताईने फोन ठेवला, आणि दारात मापं घेऊन उभ्या असलेल्या बाईला म्हणाली, या, तुमच्या खिडकीचं बघू.