हातावर फिका पडलेला नीलम

घरातला नीलम इन्नंबूरच्या देवाला वाहायचा, म्हणून सीतालक्ष्मी तो पदकात बसवायला नटराज सोनाराकडे घेऊन गेल्या. चिंचोक्याएवढा सुटा खडा. जावई पसंत करण्याआधी तो त्याच्या तळहातावर ठेवायची त्यांच्या घरात रीत होती. रंग टिकला तर मुलगा दीर्घायुषी, उडाला तर अल्पायुषी. बावीस वर्षांपूर्वी हरिकृष्णाच्या हातावर तो पाण्यासारखा झाला, आणि त्यांनी लेकीची, चैत्राची, ठरत आलेली सोयरीक त्याच बैठकीत मोडली.

नटराजनं भिंग लावून पाहिलं. हा नीलम नव्हे, आयोलाइट आहे, त्याला काकनीली म्हणतात, असं त्यानं सांगितलं. मग खडा चिमटीत धरून दिव्यासमोर फिरवला. गर्द निळा. जरा वळवला, तर रंगच नाही. पुन्हा वळवला, पुन्हा निळा.

"या दगडाची जातच अशी. हात कुणाचाही असो."

सीतालक्ष्मी स्टुलावर बसल्या. नटराजनं पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

मेलकावेरीतल्या आपल्या घरी येऊन त्यांनी चैत्राला सगळं सांगितलं. चैत्रा आता पंचेचाळीसची, कॉलेजात शिकवणारी.

"अम्मा, हे हरिकृष्णाला सांग. त्यानं लग्न केलं नाही. कुणाला विधवा करायला लग्न कशाला करू, म्हणायचा."

हे सीतालक्ष्मींना ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी सकाळच्या बसनं नाचियार्कोविलला गेल्या. हरिकृष्णाचं पितळी समयांचं दुकान होतं. केस पांढरे झालेले, पण माणूस धडधाकट. त्यानं ऐकून घेतलं, खडा हातात घेतला आणि दारातल्या उन्हात धरून फिरवला. दोनदा, तीनदा. मग खडा त्यानं हळूच टेबलावर ठेवला.

"दर वाढदिवसाला मी पंकजाकडे, बहिणीकडे, दुकानाच्या चाव्या देऊन ठेवतो," तो म्हणाला. "हे वर्ष निघेल की नाही, म्हणून."

सीतालक्ष्मींनी हात जोडले. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तुम्ही आता घरी जा, मला चैत्राशी बोलायचंय, एवढंच तो शांतपणे म्हणाला.

त्या एकट्याच बसनं परतल्या. चैत्रा संध्याकाळी आली. तो रडला, असं तिनं सांगितलं. आणि रविवारी मी पुन्हा तिकडे जाणार आहे, असंही.