वहिनींनी कापलेला श्वास

भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग काढायला अक्कल लागत नाही, असं लोक म्हणतात. पहिला चालला ना, मग त्यातच पाणी वाढवायचं, झालं. म्हणणाऱ्यांचं काय जातं?

साउंड स्टुडिओतल्या वहिनींना विचारा. सगळे त्यांना वहिनीच म्हणत, कारण त्यांचा नवरा तिथला जुना साउंडवाला. पहिल्या भागातल्या भुताचा श्वास त्याचाच होता. दम्याचा माणूस, माइकसमोर नुसता बसला तरी छातीत शिट्टी वाजायची. थिएटरात भल्याभल्यांची बोबडी वळली. पुढे वर्षभरात त्याच दम्यानं त्याला नेलं, त्यालाही आता दोन वर्षं झाली.

आता दुसऱ्या भागाच्या आवाजाचं काम वहिनींकडे आलं. श्वास जुनाच हवा, असा त्यांनी हट्ट धरला. खरं सांगायचं तर सिनेमा गेला उडत. दिवसभर हेडफोनमध्ये तो शेजारी असल्यासारखा वाटायचा आणि संध्याकाळी घरी जायचं त्यांच्या जिवावर यायचं.

दिग्दर्शक दुपारी ऐकायला आला. पडद्यावर पहिल्या भागात वाचलेली बाई, त्याच घरात एकटी झोपलेली, आणि अंधारात तो श्वास. पठ्ठ्यानं चक्क जांभई दिली.

"वहिनी, रागावू नका. भीतीच वाटत नाही. उलट घरात कोणीतरी आहे म्हणून बरं वाटतं."

वहिनींच्या जिव्हारी लागलं. पण खोटं काय बोलला तो? त्यांनी आवाज लावलाच होता तसा, शेजारच्या उशीवर झोपलेल्या माणसाइतका.

"नवीन, मोठा आवाज घेऊ या," तो म्हणाला. "नाहीतर दुसरा भाग काढलाच कशाला, असं लोक विचारतील."

वहिनींनी पुन्हा हेडफोन कानाला लावले. सवय झालेलं माणूस मोठ्या आवाजाला थोडंच घाबरतं? पहिल्या भागात त्या बाईला घरात कोणी आहे याची भीती होती. इतके दिवस त्या श्वासासोबत काढल्यावर आता तिला कशाची भीती असेल, हे वहिनींना कोणी शिकवायला नको होतं. त्यांना रडू येत होतं, पण हात चालत होते. श्वास आत गेला आणि बाहेर यायच्या आधी त्यांनी तो कापला. पुढे काहीच ठेवलं नाही.

पुन्हा लावलं. तीच बाई, तेच दृश्य. ती अंधारात उठून बसली आणि ऐकू लागली. दिग्दर्शकानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आता वाटली भीती," तो हळूच म्हणाला.

"मला दोन वर्षं वाटतेय," वहिनी म्हणाल्या.