रिकामी कात्री

गुणाजीला एक फार वाईट खोड होती. बोलायला शब्द सापडेनासा झाला की तो मला उचलायचा आणि हवेतच कचकच वाजवायचा. मध्ये ना कापड, ना दोरा, नुसता वारा. मित्रांनो, कात्री रिकामी वाजवली की घरात भांडण होतं, असं जुनी माणसं म्हणतात. मला विचाराल तर भांडण आधीच ठरलेलं असतं. वाजवणाऱ्याला तोंड उघडायची भीती वाटत असते, एवढंच.

मी एक जुनी कात्री आहे. जुनी म्हणजे गंजलेली नव्हे, नीट ऐका. भोईवाड्यातल्या लोहाराने मोटारीच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्याचं पोलाद भट्टीत घातलं आणि ठोकून ठोकून मला घडवलं. मुठी पितळेच्या. काळाचौकीच्या चाळीत गुणाजीच्या आईच्या, सुंदराबाईच्या खोलीत मी आले, त्या दिवशी तिने मला हळदकुंकू लावलं आणि घरादाराला बजावलं, "ही कापडाची कात्री. हिला कागद लावाल तर बोटं छाटीन."

कागदाने आमची धार जाते, हे तुम्हालाही ठाऊक असू द्या.

सुंदराबाई जेमतेम दुसरी शिकलेली. पण अख्ख्या चाळीची झबली, परकर, चोळ्या आम्ही दोघींनी बेतल्या. ती नुसत्या नजरेने माप सांगायची आणि मी ते पाळायची. आमच्या हातून एक चिंधीही वाया गेली नाही. ही बढाई नव्हे. बरं, थोडी आहे.

आता मालनची गोष्ट. मालन म्हणजे गुणाजी आणि त्याची बायको सुभद्रा यांची नऊ वर्षांची लेक, सुंदराबाईची नात. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढायची भाषा ज्या साली सुरू झाली, त्या साली पावसाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. दोन महिने पोर अंथरुणावर. डोक्यावरचे केस गेले, पाढे गेले, शाळाही गेली. गणपती गेल्यावर ती कशीबशी उठून बसली, तर गुणाजी म्हणाला, "आता शाळा नको. गावाला वहिनीला तान्हं मूल झालंय. हाताखाली माणूस हवं. दिवाळीच्या आधीच्या बोटीने मालूला धाडतो."

"आणि सहामाही परीक्षा?" सुंदराबाईने विचारलं.

"शिकवणार कोण? मी गिरणीत, सुभद्रा गिरणीत."

"मी."

"तू? आये, तुला सही करायला अर्धा तास लागतो!"

"पण अंगठा तर लावत नाही ना! पास झाली तर पोर इथंच राहील. बोल."

गुणाजीने मला उचललं. कचकच, कचकच. "बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून आमची शाळा भरली. न फळा, न घंटा. हिंदमाताच्या कापडदुकानांतून उरलेले तुकडे गोळा करायचे, दादरहून चालत परत यायचं आणि वाटेत पाढे म्हणायचे.

"एका परकराला सव्वादोन वार. मग चार परकरांना गो?"

मालन बोटांवर मोजत बसली आणि एकदम ओरडली, "नऊ वार! म्हणजे आजी, तुझं एक लुगडं!"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. सुंदराबाई अशी ऐटीत चालली, जणू तिलाच पहिला नंबर मिळालाय.

एक दिवस राणीच्या बागेत हत्ती पाहिला. घरी येऊन राखी चिंधीचा हत्ती कापला, त्याची सोंड पायांपेक्षा जाड झाली. "चालेल," आजी म्हणाली, "आपल्या हत्तीला सर्दी झालीय." एक दिवस शिवडीचा किल्ला. पायऱ्या मोजल्या, बुरूज मोजले, आणि दिवाळीच्या आधीच गॅलरीत मातीचा किल्ला उभा राहिला. धड्यातला किल्ला मालनला पाठ होत नव्हता. हाताने रचलेला मात्र ती डोळे मिटून सांगू लागली.

तेव्हा सुंदराबाईने भूगोल काढला. गुणाजीने सभेहून आणलेल्या पत्रकावर संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा छापला होता. तो भिंतीला लावला आणि आम्ही कापडाचा महाराष्ट्र बेतायला घेतला. कोकणपट्टी हिरव्या खणाची, खानदेश केळीसारखा पिवळा, देश तांबूस, मराठवाडा ज्वारीच्या रंगाचा, वऱ्हाडाला काळं कापड आणि त्यावर कापसाची पांढरी बोंडं. नद्या निळ्या दोऱ्याच्या. एकेक तुकडा मी कापत गेले आणि मालन जुन्या लुगड्याच्या वाकळीवर धावदोऱ्याने टाचत गेली. शेवटी मुंबई तेवढी राहिली होती.

आणि नेमका त्याच दिवशी घात झाला. संध्याकाळच्या मोर्चासाठी गुणाजीला पाटी हवी होती. घरी कुणी नाही असं बघून त्याने माझ्याकडून पुठ्ठा कापला. वर पुठ्ठ्याला बांधायची तारही कापली. तार! माझ्या पात्याला टोकापाशी खाच पडली. मोर्चात त्याची पाटी म्हणे सगळ्यांत उंच होती.

रात्री सुंदराबाईने मला हातात घेतलं, अंगठा धारेवरून फिरवला, खाचेवर थांबवला आणि मला फडक्यात गुंडाळून ठेवलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी मालनने मुंबईचं कापड धरलं. मी चावले, कुरतडलं, पण कापलं नाही. धारवाला दिवाळीनंतर येणार होता. पोर रडकुंडीला आली. आजीने कापड हातात घेतलं. "राहू दे. जे कापता येत नाही, ते कापू नये." मग तिने कोकणपट्टीचंच हिरवं कापड वर ओढून मुंबईच्या जागेवर दुमडून घेतलं आणि टाका घातला.

परीक्षेच्या दिवशी मीही शाळेत गेले. त्या तारेनंतर सुंदराबाई मला घरी एकटी ठेवायची नाही, पिशवीत घेऊनच फिरायची. हिशेबाचा पेपर बरा गेला. पण तोंडी भूगोलाला पाटकर गुरुजींनी "महाराष्ट्राचे भाग सांग" म्हटलं आणि मालनची वाचाच बसली. सुंदराबाई दारात उभी होती. तिने पिशवीतून ती वाकळ काढून टेबलावर पसरली.

मालनने बोट टाक्यांवरून चालवायला सुरुवात केली. मग थांबली कुठे! कोकण, घाट, गोदावरी, थेट वऱ्हाडच्या बोंडांपर्यंत.

गुरुजींनी चष्मा सावरला. "सगळ्या भागांमध्ये शिवण आहे. कोकण आणि मुंबईमध्ये का नाही?"

"कात्रीला धार नव्हती, गुरुजी," मालन म्हणाली. "आणि आजी म्हणते, जे कापता येत नाही ते कापू नये."

गुरुजी आधी हसले. मग त्यांनी मुंबईच्या जागेवरून बोट फिरवलं आणि तिच्या नावापुढे 'उत्तीर्ण' लिहिलं.

मित्रांनो, माझी ती खाच अजून आहे. पुढे धार लागली, त्याच चाळीत मालनच्या हाती मी कितीतरी संसारांचे कपडे बेतले, आणि आता तिच्या मशीनच्या खणात तेल लावून, फडक्यात गुंडाळून निजते. म्हणून सांगते. ज्याचं जे काम, त्याला तेच द्या. बोथट झालेल्याला फेकू नका, धार लावा. आणि मला उचलाल तेव्हा काय कापायचं ते आधी ठरवा.

हे शेवटचं मी परीक्षेच्या त्याच संध्याकाळी शिकले. सुभद्रेने गावासाठी भरलेले लेकीचे कपडे ट्रंकेतून पुन्हा बाहेर काढले होते. गुणाजी आला, त्याने खिशातून शनिवारच्या बोटीचं तिकीट काढलं.

"पास झाली ना ती?" सुंदराबाई म्हणाली.

"बघू म्हटलं होतं, आये. राहू दे म्हटलं नव्हतं." आणि त्याचा हात माझ्याकडे आला. कचकच, कचकच.

सुंदराबाई उठली. तिने वाकळ त्याच्या मांडीवर पसरली.

"मैदानात घसा फोडून सांगतोस ना, मुंबई तोडू देणार नाही? तुझी पोर मुंबईचीच आहे रे मेल्या. तोडायची असेल तर कात्री तुझ्या हातात आहे, आधी ही वाकळ काप माझ्यासमोर. हात होत नसेल तर खाली ठेव. पण माझ्या घरात रिकामी वाजवू नकोस."